बाबा हसले ती पानं

मितालीने डबा उघडता उघडता सांगितलं की तिच्या मुलीने 'इरा उचापते'चा चौथा भाग अर्धा वाचून फ्रीजवर टाकून दिला, आणि यतीनचा घास हातातच राहिला. खरं तर दचकण्यासारखं त्यात काही नव्हतं. मिताली नाशिकहून आलेली, इंदूरच्या विजय नगरमधल्या या काचेच्या ऑफिसात मराठी बोलायला मिळतं म्हणून रोज त्याच्याच टेबलाशी जेवायची, आणि बोलणं फिरून फिरून मुलीवर यायचं. पहिले तीन भाग मुलीने इतक्यांदा वाचले होते की पुस्तकांची शिवण उसवली होती. चौथ्याची केवढी वाट पाहिली, आणि आता म्हणते, आई, यात मजाच नाही, हे कुणीतरी दुसऱ्याच बाईने लिहिलंय. मिताली हे हसत हसत सांगत होती. मग तिने विचारलं, "लेखिका तुमच्या राजेंद्र नगरच्याच आहेत म्हणे. पूर्णिमा आगाशे. ओळखतोस का रे तू?" यतीनची आई माहेरच्या नावाने लिहायची, त्यामुळे मितालीला कळायचं काही कारण नव्हतं. तो म्हणाला, "नाव ऐकलंय." आणि भेंडीची भाजी उगाच डब्याच्या एका कोपऱ्यात गोळा करू लागला.

सख्ख्या आईला भर दुपारी असं परकं करून टाकल्याची लाज त्याला नंतर वाटली. आधी वाटली ती भीती. पुस्तक पडलं तर पडू दे, पुस्तकं पडतातच. पण हे पुस्तक का पडलं हे जगात त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि आईला ते कधीही कळू नये म्हणून तो दीड वर्ष घरात मांजरासारखा पावलं न वाजवता वावरत होता. आता मितालीची मुलगी म्हणते, उद्या आणखी कुणाची म्हणेल, आणि फिरत फिरत ते घरी येईल. संध्याकाळी सिटी बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली तेव्हा त्याने मोबाइल काढला आणि प्रकाशकाने वाचकांसाठी केलेलं पान उघडलं. आजवर त्याने ते मुद्दाम उघडलं नव्हतं. दुखऱ्या दाताला जीभ लावायची नाही असं ठरवावं तसं. आता लावली, आणि मग काढवेना.

पोरंपोरीच होती सगळी, तेरा-चौदा-पंधरा वर्षांची, आणि त्या वयात असतो तसा खरेपणा त्यांच्याकडे होता, म्हणजे दयामाया नव्हती. एकाने लिहिलं होतं, कुत्र्याच्या लग्नाचं प्रकरण इंदूरला बसमध्ये वाचायला घेतलं, देवासला उतरलो तरी वरात निघालीच नव्हती. एक मुलगी म्हणत होती, पूर्वी ताई आम्हाला हुशार समजायच्या, आता प्रत्येक विनोद दोनदा सांगतात, मग तो का विनोदी आहे तेही सांगतात. कुणी नुसतंच झोपलेल्या माणसाचं चित्र टाकलं होतं. कोल्हापूरच्या एका मुलाचं त्याने पुन्हा पुन्हा वाचलं. मुलगा म्हणत होता, मला वाटलं मीच मोठा झालो म्हणून हसू येत नाही, म्हणून पहिला भाग काढून वाचला, तर आलं. आणि खाली कुणीतरी, नाव नाही गाव नाही, अगदी सहज विचारलं होतं की इराच्या दादाला काय झालं, या भागात तो एक वाक्यसुद्धा बोलत नाही, नुसता दारात उभा असतो. यतीनने मोबाइल खिशात टाकला. पलासियाचा थांबा गेला, बस भरत गेली, कुणाची तरी पिशवी त्याच्या गुडघ्याला घासत राहिली आणि त्याने पाय बाजूला घेतला नाही. इरा उचापते म्हणजे आईने कल्पनेतून घडवलेली पोरगी, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारी, जिथे जाईल तिथे घोळ घालणारी. पण तिचा तो घुम्या, कुणी हसलं की कानकोंडा होणारा दादा, तो आईने कुठून घेतला होता हे घरात तिघांनाही माहीत होतं. कुणी कधी बोललं नव्हतं.

तिघांच्या त्या घरात पुस्तकं कशी तयार व्हायची हे वाचकांना ठाऊक असतं तर त्यांना ती गंमतच वाटली असती. यतीनचे वडील श्रीकृष्ण सांवेर रोडवरच्या एका पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. आयुष्यभर दुसऱ्याने केलेली वस्तू हातात घ्यायची, उलटीसुलटी करायची आणि बहुतेक वेळा नाही म्हणायचं, हे त्यांचं काम. घरीही तेच. भाजी, सिनेमा, नात्यातले जावई, पुढारी, काहीही त्यांच्या हातून सहजासहजी सुटत नसे. रविवारी सकाळी पोहे झाले की आई सुटे कागद घेऊन त्यांच्यासमोर बसायची आणि आठवड्यात लिहिलेलं मोठ्याने वाचायची. ते पेपर तोंडासमोर धरून बसायचे, जणू ऐकतच नाहीत. आईचा नेम पक्का होता. पेपरामागून हसू आलं तर ते राहील, नाही आलं तर कापलं जाईल, आणि दोनदा आलं तर तिथे आणखी फुलवायचं. तिच्या लेखी तो शेवटचा शब्द होता, वाद नाही, रुसवा नाही. आणि बाबांचं हसू म्हणजे तरी काय, नाकातून निघालेला एक छोटा फुसकारा, तोही नाइलाजाने दिलेला. कित्येक रविवार असे जायचे की पूर्ण प्रकरण कोरडंच निघायचं. मग आई निमूटपणे कागद गोळा करून म्हणायची, चला, हे रिजेक्ट, आणि चहा टाकायची. तीन पुस्तकांतलं पान न् पान असं त्या फुसकाऱ्याच्या चाळणीतून गेलेलं होतं. यतीन आतल्या खोलीत असायचा, दार उघडं असायचं, त्यालाही सगळं ऐकू यायचं. त्याला हसू यायचं, नाही असं नाही. पण ते उशिरा यायचं, अंघोळ करताना, रस्त्यात स्कूटर थांबलेली असताना, एकटाच असताना. तिथल्या तिथे, माणसांसमोर, ते कधी तोंडातून बाहेर पडलं नाही. आईने त्याला कधी विचारलंही नाही. न्यायाधीश एकच होता.

मग एक दिवस बाबा दाढी करता करता आरशासमोरच खाली बसले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवलेल्या सामानासारखे बसून असायचे, आणि डोळ्यांमागे कुणी आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. उदयसिंह नावाचा माणूस सकाळी येऊन त्यांना अंघोळ घालायचा, हातपाय हलवायचा, बाबूजी बाबूजी करून एकटाच गप्पा मारायचा. आई लिहायची बंद झाली. ती लिहीत नाही म्हणजे घरात बोलणंच बंद झालं, कारण त्या घरात बोलणं असायचं ते तिच्या कागदांवरूनच. ते महिने यतीनला आठवायला नको असतात. कुकरची शिट्टी झाली तरी कुणीतरी बोललं असं वाटायचं. आणि मग एका सकाळी आई धावत आतल्या खोलीत आली. तिच्या हातात चौथ्या भागाचे जुने, अर्धवट टाकलेले कागद होते आणि चेहरा पोरीसारखा झाला होता. "यतीन, हे हसले. मी सहज वाचून बघितलं, आणि हसले रे, मोठ्याने. ह्यांना सगळं समजून राहिलंय."

यतीन बाहेर गेला आणि त्याने पाहिलं. बाबा हसत होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, खांदे हलत होते, घशातून हह् हह् असा आवाज येत होता आणि तो थांबायचं नाव घेत नव्हता. हे हसू त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. हा माणूस असा हसणाराच नव्हता. त्याच्या अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी आईचा चेहरा दिसला, म्हणून तो म्हणाला, "हो ना." पुढच्याच आठवड्यात तपासणीला नेलं तेव्हा आई आत बाबांची चप्पल चढवत होती आणि यतीनने बाहेरच्या बोळात डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर सज्जन होते, समजावून सांगणारे. म्हणाले, "इसको हँसी मत समझिए. दिमाग़ का ब्रेक निकल गया है, बस. कभी हँसी आएगी, कभी रोना, खुशी-ग़म से इसका कोई लेना-देना नहीं." मग त्यांना किती समजतं, असं यतीनने विचारलं. ते कुणीच सांगू शकत नाही, डॉक्टर म्हणाले, आणि पुढे म्हणाले की एक गोळी आहे, हे पुष्कळ कमी होईल, लिहून देऊ का. आतून आईचा आवाज येत होता, ती नर्सला सांगत होती की आमचे हे आता खूप सुधारून राहिले आहेत. यतीन म्हणाला, "अभी रहने दीजिए, डॉक्टर साब."

तेवढंच. अभी रहने दीजिए. त्याने कुणाला फसवलं नव्हतं, खोटं बोलला नव्हता, नुसतं एक वाक्य घरी नेलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता पुस्तक वाढत गेलं. आई आता रविवारची वाट पाहत नसे, रोज लिहायची आणि रोज वाचायची, आणि बाबा रोज हसायचे. नेमाप्रमाणे हसले तिथे ती फुलवायची, आणि ते सगळीकडेच हसायचे, म्हणून कुत्र्याच्या लग्नात वरात आली, वरातीत घोडा आला, घोडा उधळला, पुन्हा सापडला. कापायला काही उरलंच नाही. आतल्या खोलीत यतीनला नुसत्या कानांनी कळायचं. हसू विनोदाच्या आधीच यायचं. कधी आई नुसतं 'आणि मग' म्हणायची आणि बाहेर खांदे हलू लागायचे. आईला हे कळत नसेल का, असं त्याच्या मनात पुष्कळदा यायचं. उज्जैनचा काका गेला, बाबांना तिथे नेऊन ती बातमी त्यांच्या कानाशी वाकून सांगितली, तेव्हाही ते हसले होते, चांगले डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि काकूसमोर आई पांढरीफटक पडली होती. पण घरी आल्यावर तीच म्हणाली, ते हसणं आजारपणाचं, वाचताना हसतात ते वेगळं. असं तिने स्वतःच दोन खण करून ठेवले होते. यतीनने तेव्हाही मान हलवली. मान हलवण्यात तो पटाईत होता. खरं म्हणजे त्याला ते हसू थांबायला नको होतं, आईसाठी नव्हे, स्वतःसाठी. ते थांबलं असतं तर घरात पुन्हा ती शांतता आली असती आणि तिच्यात आईशी बोलायला तो एकटाच उरला असता. हे त्याला त्या सिटी बसमध्ये, दुसऱ्याची पिशवी गुडघ्याला घासत असताना, पहिल्यांदा इतकं साफ कळलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

त्या रविवारी तो जरा उशिरा उठला. पोह्यांचा वास घरभर होता, उदयसिंह काम आटपून गेला होता. आई बाबांच्या समोरच्या वेताच्या मोड्यावर बसली होती, नेहमीच्या जागी, पण हातात कागद नव्हते, मोबाइल होता. त्याला पाहून ती म्हणाली की शेजारच्या इंदुमतीकाकूंच्या नातीने तिला ते पान काढून दिलं. नात बिचारी खूप अडखळत होती, पण आईनेच खोदून खोदून विचारलं. "पोरं नाराज होऊन राहिली आहेत," ती म्हणाली. "तू बघितलं होतंस?" यतीनने होकाराची मान हलवली. ती रागावली नाही. उलट तिच्या बोलण्यात एक कोरडी टवटवी होती, जुन्या दिवसांतली. ती सांगत गेली की पोरांचं काय, आजकाल त्यांना सगळं झटपट लागतं, दम कुठे आहे, तीन भाग जे चालले ते कुणाच्या जिवावर, ह्यांच्याच ना, आणि हे ज्याला हसले ते वाईट असूच शकत नाही. तपासणी खात्यातला माणूस. एवढं बोलून ती थांबली. मग चष्मा वर सरकवून म्हणाली, "मी विचार केला, ह्यांनाच ऐकवते. ह्यांना राग येईल बघ."

"आई, नको," यतीन म्हणाला. पण तिने सुरुवात केली होती.

ती वाचत होती ते तिच्या वाचायच्या आवाजात, प्रत्येक वाक्याला योग्य जागी उचलत, योग्य जागी थांबत. देवासचा मुलगा आला. वरात निघालीच नव्हती हे तिने असं झकास वाचलं की बरा असलेला माणूसही हसला असता, आणि बाबा हसले. आईने मान वर केली. क्षणभर तिला बरंच वाटलं असावं, कारण ते वाक्य खरोखरच विनोदी होतं. तिने पुढचं वाचलं. ताई आम्हाला हुशार समजायच्या. बाबा हसत होते. हे कुणीतरी दुसऱ्यानेच लिहिलंय. बाबांचे खांदे हलत होते. कोल्हापूरच्या मुलाचं तिने हळू वाचलं, विनोदाचा आव न आणता, अगदी सपाट, एकेक शब्द सुटा करून, आणि ती शेवटच्या 'तर आलं'पर्यंत पोचायच्या आत बाबांच्या घशातून तो आवाज फुटला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, हनुवटीवर लाळ आली. यतीन पुन्हा म्हणाला, आई, पुरे. ती थांबली नाही. आणखी कुणीतरी लिहिलं होतं, लेखिकेने आता थांबावं, आम्हाला जुन्या त्याच आवडतात. ते तिने बाबांच्या डोळ्यांत बघत वाचलं. बाबा हसून हसून खुर्चीत एका बाजूला कलले. तिने त्यांना सरळ केलं, पदराने हनुवटी पुसली, मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला. पोह्यांची बशी तशीच होती. बाबा हसत होते, आणि खोलीत दुसरा काही आवाज नव्हता.

"त्या दिवशी तुला डॉक्टर बाहेर काय म्हणाले होते?" तिने विचारलं. कुठल्या दिवशी, असं विचारायची सोय तिने ठेवली नव्हती. म्हणजे तो बोळ, ते दोन मिनिटांचं बोलणं, ती तिच्याही मनात कुठेतरी जपून ठेवलेली गोष्ट होती. यतीनने सांगितलं. ब्रेकचं सांगितलं, हसणं आणि रडणं एकच असं सांगितलं, गोळीचंही सांगितलं, आणि ती आपणच नको म्हटली हेही. सांगताना त्याचा आवाज ऑफिसात अडचण समजावून सांगताना व्हायचा तसा होत होता आणि त्याला तो थांबवता येईना. आई ऐकत होती. तिने एकदाही मध्ये विचारलं नाही. त्याचं संपल्यावर तिने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्हणजे दीड वर्ष मी एकटीच बसले होते," ती म्हणाली.

मी होतो, असं त्याला म्हणायचं होतं. आतल्या खोलीत होतो, दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. पण तेच म्हणायचं तर त्याचा अर्थ काय होत होता हे त्याच्या लक्षात आलं. ऐकू येत होतं आणि तो आत बसला होता. एकदा बाहेर येऊन, हे नाही जमलं आई, एवढं म्हटलं असतं तरी पुस्तक बचावलं असतं. त्याहून मोठं म्हणजे तिच्यासमोर एक माणूस बसला असता. आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जा, ती गोळी घेऊन ये. आजच. रविवारी मेडिकल दुपारी बंद होतं."

डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी गोळीचं नाव पाठवलं. यतीन किल्ली घेऊन खाली आला. स्कूटर बाहेर काढून त्याने फाटक लावलं आणि वर खिडकीतून त्याला आईचा आवाज ऐकू आला. ती वाचत होती. काय, ते कळत नव्हतं, शब्द इथवर येत नव्हते, पण तो तोच आवाज होता, उचलणारा, थांबणारा. आणि त्यावर बाबांचं ते हह् हह्. मग आई थांबली आणि तीही हसली, मोठ्याने, पुन्हा वाचू लागली, पुन्हा हसली. गोळी यायच्या आत तिला त्यांच्या सोबतीने हसून घ्यायचं असावं. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला वाटलं असतं, या घरात काय मजा चालली आहे. त्याला वर जावंसं वाटलं. जाऊन काय करणार, तिथेही तो दारातच उभा राहिला असता. समोरच्या वळणापलीकडे मेडिकल होतं, ते बंद व्हायची वेळ होत आली होती. तो दुकानाकडे गेला नाही, वरही गेला नाही. स्कूटर सुरू न करता, हातात किल्ली घेऊन, ते दोघं हसायचे थांबायची वाट पाहत तो तिथेच उभा राहिला, आणि वळणापलीकडे दुकानाचं शटर खाली आल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.